एकच 'आमच्या बापा', पण मनापासून
(आविलाच्या संत तेरेजाची प्रार्थनेची वाटचाल)



दिवसातून किती वेळा आपण 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणतो? जरा हिशेब करून पाहू या. सकाळी उठल्यावर एकदा, रात्री झोपताना एकदा. पवित्र मिस्साला गेलो तर तेथे एकदा. संध्याकाळी घरी रोझरी झाली तर सहा वेळा, सुरुवातीला एक आणि पाच रहस्यांच्या आधी एकेक. म्हणजे एका दिवसात नऊ वेळा आणि वर्षाकाठी तीन हजारांहून अधिक वेळा! ख्रिस्तसभेच्या अगदी आरंभीच्या काळातील 'दिदाखे' या छोट्याशा ग्रंथात श्रद्धावंतांनी ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असे सांगितले आहे. त्या मानाने आपण बरेच पुढे आहोत.

पण ही प्रार्थना म्हणायला जेमतेम अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटात आपले मन कोठे असते? गॅसवर ठेवलेल्या दुधात, चुकणाऱ्या लोकलमध्ये, की शेजाऱ्याशी झालेल्या कालच्या बोलाचालीत? ओठ आपले काम चोख करतात. 'आमेन' म्हटल्यावर ध्यानात येते, की प्रार्थना केव्हाच संपली आणि आपण तिच्यात नव्हतोच. अशा वेळी काही जण म्हणतात, मन लागत नसेल तर नुसते शब्द म्हणण्यात काय अर्थ? आणि ते प्रार्थनाच सोडून देतात. काही जण नव्या नव्या प्रार्थनापुस्तकांच्या मागे लागतात. बाकीचे आपले म्हणत राहतात, तारीख आली की वीजबिल भरावे तसे.

हा प्रश्न नवा नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी स्पेन देशातील एका धर्मभगिनीला याच प्रश्नाने वर्षानुवर्षे छळले. तिने एकदा प्रार्थना सोडलीही होती. पुढे तीच ख्रिस्तसभेची प्रार्थनेची गुरू ठरली. ती म्हणजे आविलाची संत तेरेजा. लिझ्यूची छोटी तेरेजा आपल्या अधिक परिचयाची आहे. ही तिच्या तीनशे वर्षे आधीची, मोठी तेरेजा.

एक शब्द पुन्हा पुन्हा

तेरेजाचा जन्म 28 मार्च 1515 रोजी कास्तील प्रांतातील आविला या तटबंदीच्या शहरात झाला. वडील दोन आलोन्सो सधन आणि सचोटीचे गृहस्थ होते. त्यांचे वडील यहुदी कुळातून ख्रिस्ती झालेले होते आणि 1485 साली तोलेदो शहरात त्यांना इन्क्विझिशनपुढे जाहीर प्रायश्चित्त घ्यावे लागले होते. कुळ आणि मानमरातब यांना प्राणापलीकडे जपणाऱ्या त्या समाजात हे घराणे वाढत होते, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू या.

लहानगी तेरेजा आणि तिचा भाऊ रोद्रिगो संतांची चरित्रे एकत्र वाचत. स्वर्गसुख आणि नरकयातना यांना अंत नाही, हे वाचून दोघे थक्क झाली. मग 'सदासर्वकाळ' या अर्थाचा एकच शब्द ती दोघे कितीतरी वेळ पुन्हा पुन्हा म्हणत बसायची. त्या घोकण्यातून सत्याची वाट आपल्या बालमनावर उमटली, असे तेरेजाने मोठेपणी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. पुढे ही दोघे हौतात्म्य मिळवण्यासाठी मूर लोकांच्या देशाला निघाली आणि काकांनी त्यांना वाटेतून घरी परत आणले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पण आपल्यासाठी ते घोकणे अधिक महत्त्वाचे आहे. तोच शब्द पुन्हा म्हटल्याने तो बोथट होतोच असे नाही. मन त्यात असेल तर तो खोल जातो.

तेरेजा बारा-तेरा वर्षांची असताना तिची आई बेआत्रिस वारली. ही पोरकी मुलगी पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गेली आणि रडत रडत तिने मरियेला आपली आई होण्याची विनंती केली. त्यानंतरच्या वर्षांत शूरवीरांच्या प्रेमकथा, नटणेमुरडणे, मैत्रिणींच्या गप्पा यांत ती रमली. मात्र एक सवय तिने सुटू दिली नाही. रोज रात्री झोपण्यापूर्वी, देवाच्या हाती स्वतःला सोपवताना, ती थोडा वेळ गेथशेमाने बागेतील प्रभू येशूच्या प्रार्थनेचा विचार करी. झोपताना क्रुसाची खूण करावी इतकी ती अंगवळणी पडलेली सवय होती. प्रार्थना म्हणजे काय हे नीट कळण्याआधीच या सवयीने आपले भले केले, असे तिला पुढे वाटले.

घड्याळाकडे लागलेले कान

2 नोव्हेंबर 1535 रोजी, वडिलांची संमती नसताना, तेरेजाने आविलातील कार्मेल संघाच्या मठात प्रवेश केला. थोड्याच वर्षांत ती गंभीर आजारी पडली. ऑगस्ट 1539 मध्ये ती चार दिवस बेशुद्ध होती. मठात तिच्यासाठी कबरदेखील खणली गेली. ती शुद्धीवर आली, पण जवळजवळ तीन वर्षे तिचे अंग लुळे होते. हातापायांवर रांगता येऊ लागले तेव्हा तिने देवाचे आभार मानले. संत जोसेफच्या मध्यस्थीने आपण बरे झालो, अशी तिची आयुष्यभर श्रद्धा होती.

या आजारपणात एका चुलत्याने दिलेल्या पुस्तकामुळे तिला मनातल्या मनात देवाशी संवाद साधण्याची प्रार्थना कळली. तिने आपल्या वडिलांनाही ती शिकवली. वडील त्यात झपाट्याने पुढे गेले. शिकवणारी मात्र मागे पडली. बरी झाल्यावर मठाच्या भेटीच्या खोलीत पाहुण्यांशी गप्पा मारण्यात तिचे दिवस जाऊ लागले. इतके हेलकावे खाणाऱ्या मनाने देवापुढे कोणत्या तोंडाने बसावे, असे तिला वाटू लागले. आपण नम्र आहोत, अशी स्वतःची समजूत घालून तिने एकांतातील प्रार्थना वर्षभराहून अधिक काळ बंद ठेवली. नेमाच्या शाब्दिक प्रार्थना तेवढ्या चालू होत्या. वडिलांना तिने प्रकृतीचे कारण सांगितले. त्या साध्या माणसाने मुलीवर विश्वास ठेवला. पुढे ते मठात भेटायला येत, थोडा वेळ बसत आणि प्रार्थनेचा वेळ वाया जातो म्हणून लवकर निघून जात. आपण ज्याला वाट दाखवली तो चालतो आहे आणि आपण मात्र थांबलो आहोत, हे तिला दिसत होते.

1543 च्या अखेरीस वडील वारले. त्यांच्या अखेरच्या काळात सोबत असलेल्या डोमिनिकन धर्मगुरूंपाशी तेरेजाने मन मोकळे केले. त्यांनी तिला प्रार्थना पुन्हा सुरू करण्यास सांगितले. तिने ती सुरू केली आणि मरेपर्यंत पुन्हा सोडली नाही. पुढे ती सर्वांना कळवळून सांगे, की कितीही पापे घडली तरी प्रार्थना सोडू नका. आपण लायक नाही म्हणून प्रार्थना सोडणे, हा सैतानाचा तिच्यावरील सर्वांत मोठा डाव होता.

प्रार्थना सुरू झाली म्हणून ती सोपी झाली, असे मात्र नाही. सुमारे अठरा वर्षे तिने कोरडेपणा सोसला. हातात पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचे तिला धैर्य होत नसे. प्रार्थनागृहात पाऊल टाकताना मन उदास होई. प्रार्थनेचा तास केव्हा संपतो याकडे तिचे कान लागलेले असत. त्यापेक्षा कोणतेही कठीण प्रायश्चित्त परवडले, असे तिला वाटे. हे लिहिणारी स्त्री आज प्रार्थनेची गुरू मानली जाते! ज्यांना रोझरीच्या वेळी जांभया येतात, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही.

1554 साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मठात आणलेल्या घायाळ येशूच्या मूर्तीपुढे ती कोसळली. या प्रेमाचे आपण किती थोडे चीज केले, या जाणिवेने तिचे मन फुटले. कित्येक वर्षांच्या कोरड्या नेमाने नांगरून ठेवलेल्या जमिनीवर त्या दिवशी पाऊस पडला.

पुस्तके गेली, प्रार्थना राहिली

1559 साली स्पेनच्या इन्क्विझिशनने निषिद्ध पुस्तकांची मोठी यादी काढली. लोकभाषेतील अनेक आध्यात्मिक पुस्तके त्यात होती. लॅटिन न जाणणाऱ्या धर्मभगिनींचा वाचनाचा आधार गेला. तेरेजालाही त्याचे फार वाईट वाटले. सामान्य स्त्रियांनी मनन-चिंतनाच्या वाटेला जाऊ नये, त्यांनी पाठ केलेल्या प्रार्थना म्हणाव्यात, एवढे त्यांना पुरे, असे अनेक विद्वान त्या काळी म्हणत होते.

24 ऑगस्ट 1562 रोजी तेरेजाने आविला येथे संत जोसेफच्या नावाने एक छोटा, गरीब मठ स्थापन केला. पहिल्या भगिनी अवघ्या चार होत्या. या भगिनींनी तिला विनवले, आम्हांला प्रार्थना शिकवा. पुस्तके हाती नाहीत, लॅटिन येत नाही, वर विद्वानांची भीती. मग शिकवायचे कशातून? तेरेजाने प्रत्येकीला पाठ असलेली एकच प्रार्थना निवडली: 'आमच्या बापा'. 'परिपूर्णतेचा मार्ग' या तिच्या ग्रंथाचा उत्तरार्ध म्हणजे या एका प्रार्थनेचे विवरण आहे. 'आमच्या बापा' आणि 'नमो मरिया' आपल्यापासून कोणी हिरावून घेऊ शकत नाही, असा दिलासाही तिने भगिनींना दिला. पहिल्या हस्तलिखितात या ठिकाणी तपासनिसाने समासात शेरा मारला, की हा इन्क्विझिशनवर ठपका दिसतो. दुसऱ्या प्रतीत ते वाक्य राहिले नाही. प्रार्थना मात्र राहिली.

एका वृद्ध भगिनीचे दुःख

याच ग्रंथात तेरेजाने एका वृद्ध भगिनीची हकिगत सांगितली आहे. ती भगिनी तेरेजाकडे मोठ्या दुःखाने आली. तिची तक्रार अशी, की इतर भगिनी ध्यान करतात, मला ते जमत नाही. मला फक्त तोंडाने प्रार्थना म्हणता येते. प्रभू येशूने जेवढ्या वेळा आपले रक्त सांडले, त्या प्रसंगांची आठवण ठेवून ती 'आमच्या बापा' म्हणत असे आणि एवढ्यातच तिचे तास निघून जात. तेरेजाने तिला विचारले, तू नक्की कशी म्हणतेस? ऐकता ऐकता तेरेजाच्या लक्षात आले, की ही म्हातारी स्वतःला अडाणी समजते खरी, पण 'आमच्या बापा' म्हणता म्हणता देवाने तिला चिंतनाच्या उंच शिखरावर नेऊन ठेवले आहे. तिच्या जगण्यातही ते दिसत होते. तेरेजाला तिचा हेवा वाटला.

आपल्या धर्मग्रामातही अशी माणसे आहेत. ज्यांना वाचता येत नाही, प्रवचनातले मोठे शब्द कळत नाहीत, ज्यांचे मणी झिजून गुळगुळीत झाले आहेत, त्यांना आपण भोळेभाबडे म्हणतो. कदाचित तीच पुढे गेलेली असतील.

आधी कोण, मग काय

मग त्या वृद्ध भगिनीच्या म्हणण्यात आणि आपल्या म्हणण्यात फरक काय? संत थॉमस अक्वायनस यांनी शाब्दिक प्रार्थनेत तीन प्रकारचे अवधान सांगितले आहे. शब्द चुकू नयेत हे पहिले, शब्दांचा अर्थ कळावा हे दुसरे आणि ज्याच्याशी बोलतो त्या देवाकडे मन असावे हे तिसरे. या तिसऱ्याला त्यांनी सर्वांत आवश्यक मानले आणि निरक्षर माणसालाही ते साधते असे सांगितले. तेरेजाने तत्त्वज्ञान शिकलेले नव्हते, पण ती अनुभवाने नेमकी येथेच पोहोचली. मी कोणाशी बोलते आहे आणि बोलणारी मी कोण, हे जाणल्याशिवाय नुसते ओठ हलवण्याला ती प्रार्थना म्हणायला तयार नव्हती.

म्हणून तिची शिकवण साधी आहे. प्रार्थनेच्या आरंभी क्रुसाची खूण करा, आपली पापे आठवा. मग आपण एकटे नाही, ज्याने ही प्रार्थना शिकवली तो प्रभू आपल्या शेजारी आहे, हे ध्यानी घ्या. फार विचार करू नका, फक्त त्याच्याकडे पाहा. मनाला आवडेल असे प्रभूचे एखादे चित्र जवळ ठेवा, ते नुसते बाळगण्यासाठी नव्हे, तर त्याच्याशी बोलण्यासाठी. पिता स्वर्गात आहे म्हणून मोठ्याने ओरडण्याची गरज नाही; जेथे देव तेथे स्वर्ग, आणि तो आपल्या अंतःकरणात आहे. घाईघाईने अनेकदा म्हणण्यापेक्षा अधूनमधून एखादाच शब्द मनापासून उच्चारणे तिला मोलाचे वाटे.

ही सवय लागायला किती दिवस लागतील? तेरेजा खोटी आशा दाखवत नाही. कदाचित सहा महिने, कदाचित वर्ष, असे ती सांगते. एवढ्या मोठ्या लाभासाठी एवढा काळ फार नाही, असेही ती म्हणते. आणि आजारपणात, डोके दुखत असताना, मन अस्वस्थ असताना? तेव्हा स्वतःला छळू नका, जमेल तशी प्रार्थना करा, विसावा घ्या, एखादे सत्कृत्य करा, असा तिचा मायेचा सल्ला आहे.

पण या प्रार्थनेला किंमत आहे, हेही तिने लपवले नाही. तुझी इच्छा पूर्ण होवो असे म्हणायला काही लोक घाबरतात, कारण देव संकटे पाठवील असे त्यांना वाटते. क्षमेची विनंती तर सर्वांत कठीण. प्रभूने क्षमा केल्याची भाषा वापरली आहे, पुढे कधीतरी क्षमा करण्याची नव्हे, याकडे तेरेजा लक्ष वेधते. मानमरातबापायी तिच्या समाजात घराणी उद्ध्वस्त होत होती आणि मठांतदेखील कोणाला पुढचे आसन मिळाले यावरून रुसवेफुगवे होत. आपल्याकडे बांधाच्या वितभर जागेवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत आणि रविवारी एकाच चर्चमध्ये ही प्रार्थना म्हणतात. 'आमच्या बापा' अर्थ ठेवून म्हणू लागलो तर या ओळीवर जीभ अडखळेल. ती अडखळणे हीच खऱ्या प्रार्थनेची सुरुवात आहे.

प्रार्थनेने तेरेजाला कामापासून दूर नेले नाही. 1562 ते 1582 या वीस वर्षांत बैलगाडीत, खेचरांवर, उन्हापावसात प्रवास करीत तिने सतरा मठ उभारले. ग्रॅनाडाचा मठ तिच्या वतीने इतरांनी स्थापला. कर्जे, भांडणे, चौकश्या, आजारपण यांतून वेळ काढून तिने ग्रंथ आणि शेकडो पत्रे लिहिली. स्वयंपाकघरातील भांड्याकुंड्यांतही प्रभू वावरतो, हे ती आपल्या भगिनींना सांगत असे. 4 ऑक्टोबर 1582 च्या रात्री आल्बा दे तोर्मेस येथे तिने देह ठेवला. त्याच रात्री कॅथलिक देशांत नवे कॅलेंडर लागू झाले आणि दुसरा दिवस 15 ऑक्टोबर म्हणून उजाडला. तोच तिच्या सणाचा दिवस. 12 मार्च 1622 रोजी तिला संतपद मिळाले, ते गोव्यात ज्यांचे पवित्र अवशेष आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर. 27 सप्टेंबर 1970 रोजी पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता घोषित केले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

आपल्या घरी

सवय दोन प्रकारची असते. एक आपल्याला झोपवते, दुसरी आपल्याला घडवते. तबलजीचा हात आणि गिरणीचा पट्टा दोन्ही तेच तेच करतात, पण एकातून संगीत निघते. 'आमच्या बापा' रोज म्हणणे ही चूक नव्हे, तो ठेवा आहे. फक्त त्या सवयीत आपण परत यायला हवे. त्यासाठी या आठवड्यापासून आपण तीन गोष्टी करू या.

पहिली गोष्ट: दिवसातील एक 'आमच्या बापा' निवडू या, फक्त एक. क्रुसाची खूण केल्यावर दोन श्वास थांबू या आणि आपण कोणासमोर आहोत हे आठवून मगच तोंड उघडू या. बाकीच्या प्रार्थना नेहमीप्रमाणे चालू द्याव्यात.

दुसरी गोष्ट: आठवड्याला एकच विनंती मनात धरू या. या आठवड्यात पित्याचे नाव, पुढच्या आठवड्यात रोजची भाकर, त्यानंतर क्षमा. क्षमेच्या आठवड्यात जे नाव मनात येईल त्या व्यक्तीशी एक शब्द बोलू या. रोझरीच्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना त्या विनंतीचा अर्थ आपल्या साध्या भाषेत सांगावा.

तिसरी गोष्ट: मन भरकटले हे कळले, की स्वतःवर चिडू नये, प्रार्थना पहिल्यापासून घोकत बसू नये. जेथे आहोत तेथूनच पित्याकडे वळावे. आणि कोरडे दिवस आले तरी सोडू नये. तेरेजाने अठरा वर्षे वाट पाहिली.

आज मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी आपण सर्व मिळून ही प्रार्थना म्हणू. तेव्हा पहिले दोन शब्द जरा सावकाश म्हणू या. जो ऐकतो आहे तो आपला बाप आहे, आणि शेजारी उभा आहे त्याचाही.

आविलाची संत तेरेजा आम्हां सर्वांसाठी विनंती करो. आमेन.